देवळालीला उशिरा पोचलेली गाणी

११ मार्च २०२२, शुक्रवार. एसीच्या जाळ्या धुवायला काढल्या होत्या. दोह्यातल्या मुऐदर भागात आमच्या व्हिलासमोरचा रस्ता वर्ल्डकपच्या कामासाठी पुन्हा उकरलेला, त्यामुळे जाळ्यांवर धुळीचा थर बसला होता. चौथी जाळी घासत असताना नवऱ्याच्या सहकाऱ्याचा फोन आला. कंपनीतल्या कुटुंबांच्या कार्यक्रमांची समिती तोच सांभाळतो. मूळचा सिन्नरचा.

"वहिनी, संध्याकाळच्या क्विझचा जरा घोळ झालाय. मोठ्या साहेबांना चाळीसही प्रश्न तपासायला दिले होते. त्यांनी तीन उत्तरं चुकीची काढलीत."

मोठे साहेब म्हणजे रास लफानच्या गॅस प्रकल्पाचे सुरक्षा सल्लागार, अमेरिकन. वर्ल्डकपला आठ महिने उरले असताना निवृत्त होऊन घरी निघाले होते. निरोपाला त्यांच्या आवडीचा विषय ठेवला होता, जुन्या अमेरिकेतली गाणी आणि करमणूक. प्रश्न मी काढले होते. दोह्यात बारा वर्षांत मला 'इंजिनिअरची मिसेस' म्हणून नव्हे, माझी म्हणून मिळालेली ही पहिलीच जबाबदारी.

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही कशाला त्रास घेता? नेटवरून चाळीस प्रश्न उतरवतो. खलास."

"नेटवरचे प्रश्न साहेबांना पाठ असतील. कुठली तीन चुकली?"

त्याने वाचून दाखवली. तिन्ही सालं होती. त्यातलं एक साल खऱ्यापेक्षा दोन वर्षांनी पुढे, बाकीची दोन्ही तीन-तीन वर्षांनी. एकही मागे नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

माझ्या वडिलांचं देवळाली कॅम्पात रेडिओ आणि रेकॉर्डचं दुकान होतं. गिऱ्हाईक बहुतेक फौजी अधिकारी, त्यामुळे इंग्रजी रेकॉर्डी बऱ्याच खपत. वडिलांना इंग्रजी बोलता येत नसे, पण रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावरचं अक्षर न अक्षर ते वहीत उतरवून घेत. दहाव्या वर्षापासून ते काम माझ्याकडे आलं. गाणं, गाणारा, चाल कुणाची, शब्द कुणाचे, कुठल्या सिनेमातलं. शेवटचा रकाना सालाचा, तो मात्र वडील स्वतः भरत. त्या कागदावर साल बहुधा छापलेलंच नसायचं. ते लिहीत होते रेकॉर्ड आमच्या दुकानात आली ते साल! आणि मी ते गाण्याचं जन्मसाल म्हणून इतकी वर्षं डोक्यात धरून बसले होते.

"भाऊजी, चूक माझीच आहे. पण फक्त सालांची आहे. मला दोन तास द्या."

"वहिनी, साहेबांसमोर शोभा नको व्हायला."

"शोभा झाली तर माझी होईल. ठेवा फोन."

सालाचे अकरा प्रश्न होते. सगळे काढून टाकले. त्यांच्या जागी दुकानात ऐकलेलं आणि पुढे वाचलेलं घातलं. जुनी गाणी तीन मिनिटांच्या आसपास का संपतात? कारण त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. रेडिओवरच्या रडक्या मालिकांना 'सोप ऑपेरा' असं साबणाचं नाव का चिकटलं? कारण त्यांचा खर्च साबणवाले करत. दीड वाजता कागद पाठवला, जाळ्या बसवल्या आणि वरणभात लावला.

संध्याकाळी हॉलमध्ये आठ टेबलं होती. प्रश्न मीच विचारले. साहेबांनी आधी पाहिलेल्या प्रश्नांना त्यांनी हात वर करायचा नाही, टेबलावरच्या बाकीच्यांनी उत्तरं द्यायची, असं ठरलं होतं. साहेबांचं टेबल सगळ्यांच्या पुढे होतं. मग मी नव्या प्रश्नांपैकी एक घेतला, एका गाण्याचे शब्द कुणाचे ते विचारलं. साहेबांनी हात वर करून झोकात उत्तर दिलं.

"चूक. तो गाणारा. शब्द दुसऱ्याचे आहेत," मी इंग्रजीत सांगितलं आणि त्या दुसऱ्याचं नाव घेतलं.

भाऊजींनी कपाळाला हात लावला. साहेबांनी खिशातून फोन काढून शोधलं, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. मी माईक खाली ठेवला नाही.

"मॅडम बरोबर आहेत," ते म्हणाले. "हे गाणं मी लहानपणापासून म्हणतोय. तुम्ही कुठे शिकलात?"

दोह्यात कुणी विचारलं की 'वडिलांचा बिझनेस होता' असं सांगून मी विषय बदलत असे. त्या दिवशी माईकवरून सांगितलं, "माझ्या वडिलांच्या दुकानात. ते दहावी नापास होते. ही नावं त्यांनी मला घोटून पाठ करायला लावली." सकाळच्या तीन चुकांचं कारणही सांगून टाकलं. टाळ्या चांगल्या वाजल्या. साहेबांचं टेबल एका गुणाने हरलं. माझी मुलगी मागून ओरडली, "आई, यू नेव्हर टोल्ड मी!" घरात मराठीत बोल असं तिला एरवी लगेच बजावते. त्या वेळी सोडून दिलं.

"मानलं, वहिनी," भाऊजी बिर्याणीच्या रांगेत म्हणाले. "पुढच्या क्विझचे प्रश्नही तुम्हीच काढा."

"काढीन. पण तपासायला द्यायचे तर आधी मला विचारायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कोऱ्या वहीत आठवतील तेवढी गाणी लिहिली. सालाचे रकाने दोन आखले, एक अमेरिकेचा, एक देवळालीचा. देवळालीचा भरला आणि दहा वाजता गाडी काढून वही साहेबांच्या घरी नेऊन दिली. मायदेशी परतायच्या आधी अमेरिकेचा रकाना त्यांनी भरून द्यायचा, असं सांगून आले.