कोचला उत्तर कोण सांगणार?

कुणी खाली बघत चाललेलं दिसलं की कोच त्याच्यासमोर जाऊन उभा राहायचा, स्वतःच्या हनुवटीखाली दोन बोटं लावायचा आणि म्हणायचा, "डोकं वर." मग तो मॅनेजर असो, मेसमध्ये भांडी घासणारा असो, की माझी बारा वर्षांची मुलगी इरा असो. पहिल्या दिवशी मला तो आगाऊपणा वाटला. मी नाशिकचा. ओळखपाळख नसताना कुणी असं काही सांगितलं की आमचं डोकं वर जात नाही, फिरतं.

त्यामागचं कारण त्यानेच पुढे कधीतरी सांगितलं. तो कॅनडाचा. तिथल्या फुटबॉलमध्ये पायाचं काम कमी. लांबट चेंडू काखेत धरून पळायचं आणि बाकीच्यांनी पळणाऱ्याला आडवं पाडायचं. आपल्या कबड्डीतली पकड डोळ्यांपुढे आणा, फक्त प्रत्येक गडी हेल्मेट घातलेला आणि सव्वाशे किलोचा. मान खाली घालून धडक दिली तर मानच मोडते, हे त्याने एका सोबत्याच्या बाबतीत पाहिलं होतं. त्याच्या खेळाला कुणी अमेरिकन म्हटलं तर मात्र तो रुसायचा. "त्यांना चेंडू पुढे न्यायला चार संधी मिळतात, आम्हाला तीनच," तो म्हणे. "चार संधींत काय, कुणीही पुढे जाईल."

बारा वर्षं तो पहिल्या रांगेत खेळला. तिथे खेळायचं म्हणजे समोरच्यावर डोकं आपटायचं. मग गुडघे गेले, तो कॉलेजच्या पोरांचा कोच झाला, बायको सोडून गेली, आणि पन्नाशीत सौदीत, धाहरानजवळच्या आमच्या छोट्या ठेकेदार कंपनीत येऊन थडकला. तेलाच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांना आगीतून, विषारी वायूतून जीव कसा वाचवायचा ते आम्ही शिकवतो. तो शिकवायचा, मी त्याच्या जोडीचा इंजिनिअर. संध्याकाळी वसाहतीच्या मैदानावर तो मुलामुलींना आपला खेळ शिकवायचा, पण धडका काढून टाकून. कमरेची फीत ओढली की गडी बाद. "धडका सगळ्या मी खाऊन बसलोय," तो मुलांना सांगायचा. "तुमच्यासाठी एकही उरली नाही."

पहिली शंका दाऊदभाईंना आली. दाऊदभाई म्हणजे आमच्या बसचे ड्रायव्हर, रत्नागिरीकडचे. एका शुक्रवारी मुलांना सामन्याहून परत आणल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"साहेब, मी सांगितलं म्हणून सांगू नका. कोच कतीफला पाणी घ्यायला उतरला नि उभाच राहिला. मला विचारतो, हा गाव कुठला? दर आठवड्याला याच रस्त्यानं नेतोय मी त्याला."

"उन्हाने झालं असेल, दाऊदभाई."

"ऊन मला पण लागतं हो, साहेब."

घरी इराला विचारलं. तिने वहीतून मान न काढता सांगितलं, "बाबा, कोच फर्गेट्स. वी जस्ट टेल हिम." चेंडू हातात आला की आपलं नाव मोठ्याने ओरडायचं, असा त्यांच्या संघाचा नियम होता. बाकाच्या टोकाला बसून मी तो ओरडा वर्षभर ऐकला होता आणि पोरांच्या जोशाचं कौतुक केलं होतं. ती मुलं त्याला स्वतःची नावं पुरवत होती. "प्लीज, डोन्ट टेल एनीवन," इरा म्हणाली.

आणि मी खरंच कुणाला सांगितलं नाही. माणसांना धोका ओळखायला शिकवण्याचा मी पगार घेतो. पण समोर बसून डबा खाणारा, हसणारा माणूस धोका वाटत नाही. तुम्हीही असं कुणाच्या तरी बाबतीत केलं असेल.

आमच्याकडे धुराची खोली आहे. पाठीवर हवेची टाकी, तोंडाला मास्क लावून कामगार आत शिरतात आणि भिंत चाचपत बाहेर यायला शिकतात. आत जाताना प्रत्येकाने आपल्या नावाचा बिल्ला दाराजवळच्या फळ्यावर अडकवायचा, बाहेर आल्यावर काढायचा. फळा रिकामा झाल्याशिवाय कोचने दार सोडायचं नाही. त्या सकाळी सहाजण आत गेले. थोड्या वेळाने कोच टाळ्या वाजवत म्हणाला, "खलास. यल्ला, चहा." सगळे चहाकडे वळले. मी फॉर्म भरत होतो. सहज वर पाहिलं तर फळ्यावर एक बिल्ला तसाच होता.

मी मास्क कसा चढवला ते आठवत नाही. आत शिट्टी वाजत होती. टाकीतली हवा संपत आली की ती आपोआप वाजते. त्या आवाजावरून मी गेलो. एक नेपाळी वेल्डर गुडघ्यांवर बसून कोपऱ्यातली भिंत दोन्ही हातांनी थोपटत होता, दार समजून. त्याला ओढत बाहेर आणलं तेव्हा कोच दारात उभा होता, हातात चहाचा कागदी पेला. तो फळ्याकडे बघत होता.

"मी मोजले होते," तो म्हणाला. मग मला विचारलं, "मी मोजले होते ना?"

दुपारी मी रिपोर्ट लिहिला. कोचचे वर्ग थांबले आणि कंपनीने त्याची डॉक्टरी तपासणी ठरवली. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला. मला वाटलं, भांडेल.

"रिपोर्ट लिहिलास ते बरोबर केलंस," तो म्हणाला. "पण उद्या माझ्याबरोबर चल. खेळताना डोक्याला मार बसला की डॉक्टर येऊन विचारायचे. आज वार कुठला, समोर संघ कुठला. बाकावर शेजारी बसलेला गडी तोंडावर हात धरून उत्तर सांगायचा. मी पुन्हा मैदानात."

"असं किती वेळा झालं?"

"ते आठवत नाही," तो म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही.

"नोकरी गेली की इकामा गेला, इथे राहायचा परवानाच गेला," तो पुढे म्हणाला. "तिकडे एक खोली आहे आणि बर्फ आहे. नाव विसरलो तर सांगायला कुणी नाही. मला त्या खोलीची भीती वाटते."

एवढा दांडगा माणूस आमच्या सोफ्यावर बसून हे सांगत होता. स्वयंपाकघराच्या दारातून बायकोने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली. मी म्हणालो, "बघू." आपल्याकडे याचा अर्थ बहुतेक वेळा नाही असाच असतो. त्याने माझे दोन्ही हात हातात घेतले.

पुढच्या पंधरवड्यात तो कॅनडाला परत गेला, हे आधीच सांगून टाकतो. मैदानावर मुलं अजून चेंडू हातात आला की आपापली नावं ओरडतात. नव्या कोचला ते विचित्र वाटतं, आणि त्यांना कुणी थांबवलेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर इजिप्तचे होते, फार मऊ बोलणारे. महिना त्याने बरोबर सांगितला. देश सांगितला. शहराशी अडला आणि त्याने हळूच माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. माझ्या कानात ती शिट्टी वाजत होती, आणि त्याची ती खोलीही मला दिसत होती. दोन्हींची मला सारखीच भीती वाटत होती.

डॉक्टरांनी बहुधा ते ओळखलं. त्यांनी पेन माझ्याकडे रोखून विचारलं, "हे कोण आहेत?"

कोच माझ्याकडे वळला. तीन वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो होतो. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर, मग शर्टावर, मग हातांवर फिरली. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. माझं स्वतःचं नाव होतं, तीन अक्षरांचं. मी दात आवळून बसलो.

मग त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि डॉक्टरांना म्हणाला, "हा माझ्या संघातला आहे."

डॉक्टरांनी उत्तर चूक म्हणून लिहून घेतलं.