गोट्याच्या हरित घरासाठी: वसई ते वसई, व्हाया सातिवली

वसईहून निघून वसईलाच पोहोचायचा प्रवास मी एका कुत्र्यापायी केला. गोट्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहतो. म्हातारा आहे, मेंटेनन्स भरत नाही, पण सभेत बोलतही नाही. यंदा मे महिन्यात सेक्रेटरी सावंतांनी सोसायटी ‘हरित संकुल’ करायची ठरवली, म्हणजे गेटवर तशी पाटी लावली. पाटीखाली उघड्यावर पसरलेलं कुत्रं त्यांना शोभेना.

“रविवारपर्यंत त्याला पर्यावरणपूरक घर करा आणि तो त्यात राहतो हे दाखवा,” ते म्हणाले. “नाहीतर सातिवलीला गोदामावर देतो. राखणीला.”

राखणीला! गोट्याचे पुढचे दात पडलेत.

शनिवारी मी आणि बायको मंजिरी स्कूटरवरून निघालो. सल्ला: नालासोपाऱ्याला जायचं तर सकाळी लवकर निघा. नंतर तो रस्ता फक्त उभं राहण्यासाठी असतो. तिथे मंजिरीचा मावसभाऊ नितीन इमारतींचे नकाशे काढतो. पर्यावरणावर तो बोलत होता तेव्हा त्याच्या एसीच्या गारठ्याने मंजिरीला ओढणी डोक्यावरून घ्यावी लागली.

“कुत्र्याची लांबी?”

“शेपटीसकट?” मी विचारलं.

“शेपटी बाल्कनीत धरू. आता यावर लोडिंग टाकतो.”

“नितीन, कुत्र्याला कसलं लोडिंग?”

“ताई, नुसत्या कार्पेट एरियात कोण राहतं आजकाल?”

अशा रीतीने जिना, लॉबी आणि पार्किंग यांचा वाटा गोट्याच्या माथी बसला आणि घर माणूस मावेल एवढं झालं. आम्ही दोघांनी मान डोलावली. फ्लॅट घेतानाही अशीच डोलावली होती. भिंतींना लावायला वाळ्याचे पडदे तिथल्याच बाजारात मिळाले.

पुढे सातिवली. जुन्या खोक्यांच्या फळ्या इथे स्वस्तात मिळतात, फक्त खिळे बघून उचला. कारखान्यांच्या गल्लीतला भुर्जीपाव चुकवू नका. गोदामाच्या पत्र्याखाली एक कुत्रं हातभर साखळीला बांधलेलं होतं. आम्हाला बघून ते उठलं, आणि साखळी संपली तसं बसलं.

मंजिरीने अर्धा पाव तसाच ठेवला. “चल, झावळ्या आणू,” एवढंच म्हणाली.

झावळ्या उमेळ्याला, आमच्या ओळखीच्या फिलिप अंकलच्या वाडीत. त्यांच्या नारळांच्या मागे आता सातमजली इमारत उभी आहे.

“कुत्र्याच्या घराला? न्या की! आमच्या आजोबांचं घर असंच होतं, झावळ्यांचं, गारेगार.”

“आणि तुमचं?”

“स्लॅब. आत मरायला होतं. म्हणून एसी लावला, आता बिल बघून मरायला होतं.” निघताना त्यांनी सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, दिली. विकतची घ्याल तर वास घेऊन घ्या.

रविवारी घर उभं राहिलं. पावसात पार्किंगमध्ये पाणी भरतं, म्हणून विटांवर उचललेलं. तपासणीला अख्खी कमिटी जमली आणि वीज गेली. गोट्या सावंतांच्या गाडीखालून हलेना. बिस्कीट झालं, सुकेळी झाली, मंजिरीचा आवाज रडवेला झाला.

“गोट्या, जा रे राजा. आज तरी जा.”

“नाही राहत ना? मग गोदामवाल्याला फोन लावतो,” सावंत म्हणाले. “तरी शेवटचं दाखवतो. हे बघ, असं जायचं आत.” आणि ते रांगत आत शिरले.

पाच मिनिटं झाली तरी ते बाहेर येईनात.

“अहो, बाहेर या!” सावंतवहिनी ओरडल्या. “लोक बघतायत!”

“वारा येतोय गं,” आतून आलं. मग घोरणं.

ते उठेपर्यंत बाहेर रांग लागली होती. हे सभासदांचं विश्रांतिगृह करावं, असा ठराव कुणीतरी मांडलासुद्धा.

“करा की,” मंजिरी म्हणाली. “पण माणसांसाठी असेल तर ते बांधकाम झालं. मंजूर नकाशात नसलेलं. कुत्र्याचं आहे तोवर कोण विचारतंय?”

अनधिकृत हा शब्द तिने उच्चारलाही नाही. वसई-विरारमध्ये गरज नसते. सगळ्यांनी आपापल्या बंद केलेल्या बाल्कन्यांकडे पाहिलं आणि गोट्याला एकमताने आजन्म रहिवासी केलं.

या प्रवासातून हाती काय लागलं? पेट्रोल गेलं, पाठ गेली. पर्यावरण वाचलं की नाही माहीत नाही, पण दुपारी कमिटीतले तिघे तरी एसी बंद करून झोपायला खाली येतात. गोट्या अजून गाडीखालीच झोपतो. परवा एका नव्या भाडेकरूने त्याला हाकललं, तर सावंत गोट्याच्या घरातून अनवाणी धावत आले.

“अहो, हात लावू नका! त्याच्या नावावर आहे सगळं!”