काउंटरवरची अक्षरं

मेहकरला बसस्टँडच्या पुढे गाड्यांच्या स्पेअर पार्टचं एक दुकान आहे. पाटीवर नाव देवानंद यांचं, पण काउंटरमागं उभ्या असतात त्यांच्या पत्नी बेबीताई. चार वर्षांपूर्वीपर्यंत त्या या दुकानात फक्त जेवणाचा डबा घेऊन यायच्या.

त्या वर्षी फेब्रुवारीत देवानंदना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचाही गेली. बुलढाण्याच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांना समोरचं सगळं कळत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. पाणी हवं असलं की तांब्याकडे बोट दाखवायचे. बायकोचं नावही येईना. बावीस वर्षं त्यांनी दुकान डोक्यात चालवलं होतं. कोणत्या गाडीला कोणता फिल्टर, हे कुठंही लिहून ठेवलेलं नव्हतं.

दोन महिन्यांनी बेबीताईंनी शटर उघडलं. शिक्षण सातवी. इंग्रजी अक्षरं ओळखू यायची, एवढंच. पहिल्याच आठवड्यात समोरच्या गॅरेजवाल्या प्रसेनजितनं स्विफ्टचा ऑइल फिल्टर मागितला. त्यांनी खोक्यावर स्विफ्ट बघून दिला. अर्ध्या तासात तो परत.

"काकू, हा पेट्रोलचा आहे. गाडीच्या मांगं व्हीडीआय लिहेल आहे ना!"

"मंग?"

"मंग डी म्हणजे डिझेल."

"आन् व्ही?"

प्रसेनजितनं डोकं खाजवलं. "ते मले नाही मालूम."

त्या दिवसापासून बेबीताई गाडीचा चेहरा बघायच्या आधी पाठ बघू लागल्या. दिसलेली अक्षरं वहीत उतरवायच्या आणि संध्याकाळी बुलढाण्याला नोकरी करणाऱ्या मुलीला, मंजुश्रीला, फोन लावायच्या. मंजुश्री शोधून सांगायची. एमपीएफआय म्हणजे प्रत्येक सिलिंडरपाशी पेट्रोल वेगळं फवारतात. सीआरडीआय म्हणजे सगळ्या सिलिंडरांना मिळून जास्त दाबाची एकच नळी, आणि तिच्यातून डिझेल थेट आत. एल, व्ही आणि झेड यांचा मात्र कुणी धड अर्थ सांगेना. "आई, त्या पायऱ्या समज," मंजुश्री म्हणाली. "एल खालची, व्ही मधली, झेड वरची."

उन्हाळ्यात देवानंदना घरी एकटं ठेवणं जमेना, म्हणून बेबीताई त्यांना दुकानात आणून पंख्याखाली खुर्चीत बसवू लागल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. व्हर्नाचा फिल्टर पाहिजे म्हणालं.

"सीआरडीआय?" खुर्चीतून आवाज आला.

स्पष्ट, खणखणीत, प्रश्न विचारल्यासारखा. गिऱ्हाइकाला काय ठाऊक! ते सहज "हाव" म्हणालं. बेबीताईंचा हात मात्र खोक्यावरच राहिला. तीन महिन्यांत नवऱ्याचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. गिऱ्हाईक गेल्यावर त्या जवळ जाऊन म्हणाल्या, "अहो, काय म्हटलं तुमी? पुन्हा म्हना." देवानंदनी तोंड उघडलं, जीभ हलली, पण काही येईना. त्यांनी डावा हात मांडीवर आपटला.

रात्री बेबीताई मुलीला फोनवर म्हणाल्या, "आवाज आला, मले लय बरं वाटलं. पन रागही आला बाई. सत्तावीस वर्षं संसार केला, माहं नाव नाही येत, आन् गाडीचं येते!"

वाचेवर उपचार करणाऱ्या मॅडमनी समजावलं. जे हजारो वेळा बोलून झालं आहे, ते कधी कधी आपसूक वर येतं. मुद्दाम आठवायला गेलं की येत नाही. त्यांना बोलायचे प्रसंग द्या, घाई करू नका.

दुकानात प्रसंगांना तोटा नव्हता. बेबीताई गिऱ्हाइकाला गाडीचं नाव मोठ्यानं सांगायला लावत. बोलेरो म्हटलं की देवानंद "डीआय?" विचारायचे. वॅगनआर म्हटलं की "एलएक्सआय? व्हीएक्सआय?" मग बेबीताई बरोबर खोकं काढायच्या. असं दोघांनी मिळून वर्ष काढलं.

पुढं हिवरा आश्रमाकडचे शेतकरी किसनराव आले. लेकीला जायला-यायला म्हणून त्यांनी जुनी स्विफ्ट घेतली होती. ब्रेकपॅड बदलायचे होते. गाडी दुकानासमोर लावली होती, मागं झेडडीआय लिहिलेलं. देवानंद तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "व्हीडीआय."

"झेड आहे काका," किसनराव हसले.

"व्हीडीआय," देवानंद पुन्हा म्हणाले. डावा हात काचेकडे गेला.

बेबीताई बाहेर गेल्या. मागच्या काचेला वायपर नव्हता. वहीप्रमाणे त्या सालच्या झेडला तो असायला हवा. आत वाकून स्टेअरिंग पाहिलं, तर त्यावर एअरबॅगची अक्षरं नव्हती. गिऱ्हाईक तुटेल, हे दिसत होतं. पण गाडीत लेक बसणार होती.

"दादा, राग नका मानू. हे अक्षर कोनी नंतर लावेल आहे. झेडमधी एअरबॅग असते, इच्यात नाही."

"तुमी काय कंपनीवाल्या आहात?" किसनराव तडकले आणि पॅड न घेताच निघून गेले.

पंधरा दिवसांनी ते परत आले. चॅसी नंबर दाखवून त्यांनी शोरूममध्ये विचारलं होतं. गाडी व्हीडीआयच निघाली. गाडी विकणाऱ्या दलालानं हात वर केले, आपण घेतली तेव्हाच झेड होतं म्हणाला. किसनरावांनी ते अक्षर नखानं खरवडून काढलं होतं. या खेपेला त्यांनी ब्रेकपॅड घेतले, देवानंदपाशी स्टूल ओढून चहा प्यायले. जाताना म्हणाले, "बाई, लेकीले गाडी हळू चालवजो म्हणून सांगतलं." तेव्हापासून त्यांच्या गावातले लोक जुनी गाडी घ्यायच्या आधी या दुकानासमोर आणून उभी करतात.

देवानंदना आता थोडे शब्द येतात. चहा, पाणी, मंजू. "बेबी" येतं, पण रोज नाही.

गेल्या वर्षी दुकानासमोर हिरव्या नंबरप्लेटची एक गाडी थांबली. देवानंदनी अक्षरं पाहिली आणि बायकोकडे बघितलं. ही त्यांच्या काळातली नव्हती. बेबीताईंनी पुठ्ठ्यावर खडूनं दोन अक्षरं मोठी काढली, त्यांच्यासमोर धरली. "ईव्ही. विजेवर चालते. इच्यात इंजिनच नाही." रोज दुकान उघडलं की दोघांचा तोच पाठ. अकराव्या दिवशी देवानंदनी ते म्हटलं, अडखळत, पण म्हटलं.

ईव्हीचं सामान दुकानात अजून नाही. प्रसेनजित म्हणतो, ठेवा काकू, दोन वर्षांत लागेल. बेबीताई म्हणतात, बघू.