आत्तेच डोया लागना

ओठांवर बोट, दुसऱ्या हाताने दार अर्धं ओढलेलं आणि कुजबुज, "हयू. आत्तेच डोया लागना." शेजारच्या जिजीला आठवायचं म्हटलं की मला आधी हेच दिसतं.

झोपलेले असायचे तिचे मालक, आबा. तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल, जिथे सगळे एका माणसाच्या झोपेला घाबरून राहतात. झोपमोड झाली की आबा उशाचा पितळी तांब्या फेकून मारत. त्या तांब्याला इतके पोचे पडले होते की तो सरळ उभा राहत नसे. त्या ओट्यावर कुत्रंही भुंकत नसे.

मी शहाद्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. अहिराणी सगळी कळायची, पण बोलायला लाज वाटायची, म्हणून गप्पच असायची. जिजी मला मडम म्हणे. "मडमना पोटमा गोट ऱ्हास," माझ्या पोटात गोष्ट राहते, असं ती माझ्यासमोरच सगळ्यांना सांगायची.

तिचे दोन मुलगे एकमेकांशी बोलत नसत. थोरला शहाद्याला, धाकटा गावात. विहीर दोघांत एक. थोरल्याने मोटरचा स्टार्टर काढून शहाद्याला नेला, तर धाकट्याने विहिरीवर जायची वाटच काट्या टाकून बंद केली. केळी दोघांचीही वाळली.

श्रावणात आमच्या भागात घरोघरी कानबाई देवी बसते. तिचा रोट, म्हणजे नैवेद्याचं जेवण, फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्यांना चालत नाही. हे दोघे भाऊ वेगवेगळ्या वेळी येऊन, खाऊन जात. त्या वर्षी जिजीने आबांच्या नावाने दोघांना निरोप धाडला, एका ताटात जेवायचं. तांब्याच्या भीतीने दोघेही आले.

रविवारी संध्याकाळी मी फुलं द्यायला गेले, तर जिजीने माझा हात धरला. "तुले रोट चालत नही. तू आबाजोडे बठ, माश्या हाकल."

आतल्या खोलीत पंखा जोरात होता. अगरबत्त्यांचा अख्खा पुडा पेटवलेला. आबांच्या पापणीवर माशी बसली. मी हाकलली, तर ती ओठावर जाऊन बसली. आबा हलले नाहीत. मी घाबरत त्यांच्या हाताला बोट लावलं. हात गार होता.

मी वर पाहिलं. जिजी दारात उभी होती.

"दुपारलेच गयात," ती म्हणाली. डाळीत मीठ कमी पडलं हे सांगावं, तसा स्वर. "आते सांगं तर सुतक लागी. कानबाई उठाडनी पडी. पोरे आपापला घर निंघी जातीन."

मी माशी हाकलत राहिले.

तेवढ्यात धाकट्या सुनेच्या हातून परात पडली. घरभर आवाज घुमला आणि मग सगळं घर गप्प. बाहेर सगळे तांब्याची वाट पाहत असणार. तांब्या आला नाही. जिजीने दारातून डोकं बाहेर काढलं. "कानबाईना दिन शे. आज रागावनात नही." बाहेर कोणीतरी हसलं.

मग दोघे भाऊ उंबऱ्यापर्यंत आले. थोरल्याने हात जोडले. "आबा, आम्ही एकच ताटमा बठनूत."

जिजीने चादर आबांच्या छातीपर्यंत ओढली. "ऐकी लिधं त्यास्नी. जा, जेवा."

ते जेवले. शेवटच्या तुकड्यावरून भांडलेसुद्धा, आणि मग दोघेही हसले. त्या दोघांचं एकत्र हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, तेही मेलेल्या माणसाच्या उशाशी बसून. जिजीही ऐकत होती. तिने तो पोचे पडलेला तांब्या पाण्याने भरला आणि भिंतीला टेकवून उशाशी ठेवला. "रातले पानी लागस त्यास्ले."

मी घरी जाऊन आईजवळ झोपले. बोलले नाही. सकाळी जिजीने पुन्हा माश्या हाकलायला बसवलं आणि स्वतः कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर बोळवायला गेली. काठावर ती फुगडीही खेळली म्हणे.

परत आली, पाय धुतले आणि दारात थांबून मला विचारलं, "उठनात का?"

मी मान हलवली. नाही.

तेव्हा तिने असा हंबरडा फोडला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मला वाटत होतं ती नाटक करेल. ते नाटक नव्हतं. आदल्या दुपारपासूनचं रडणं तिने तोंडात धरून ठेवलं होतं.

गाव म्हणालं, आबा पुण्यवान, कानबाईसोबत गेले. दोघा भावांनी बरोबरीने खांदा दिला. दहाव्याच्या आत स्टार्टरवरून पुन्हा बोलणं बंद. मला राग आला, तर जिजीच मला समजावू लागली, "एक रोट तर झाया ना, मडम."

या पौषात जिजी गेली. तिच्या दाराला आता दोन कुलपं आहेत, एक थोरल्याचं, एक धाकट्याचं. आत कोणी नाही. तिथून जाताना मी अजूनही चपला वाजू देत नाही.