आयत्या पिठावरच्या रेघोट्या

नालवाडीत मी प्रोग्रामिंगचा क्लास घेते. जीभ माझी तिखट, आणि त्याचा मला बरीच वर्षं अभिमानच होता.

वडनेरहून एक सून यायची. लेकराला सासूजवळ ठेवून, एसटीनं. नागपूरच्या एका कंपनीची परीक्षा महिनाभरावर होती; पास झाली तर घरबसल्या नोकरी. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मॅडम, उघडलं का लगेच प्रोग्राम लिहिता येते, असं काही नाई का?"

होतं की! ब्राउझरमध्ये उघडायचं, डावीकडे लिहायचं, उजवीकडे उत्तर पाहायचं. बसवायची भानगडच नाही. पण मी म्हटलं, "आयत्या पिठावर रेघोट्याच ओढायच्या असतीन, तं इथं काऊन आली?" सगळा वर्ग खो खो हसला. तीही हसली, मान खाली घालून.

मग तिच्या जुन्या लॅपटॉपवर एकेक सॉफ्टवेअर बसवणं सुरू झालं. आज हे बसलं की उद्या ते रुसायचं, पडद्यावर नुसती लाल अक्षरं. चांगले तीन आठवडे गेले त्यात. ती काकुळतीला आली की मी खेकसायची, "अवं, काऊन घाई करून राह्यली? पाया पक्का कर!"

पाया कसला डोंबलाचा! माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर हे सगळं माझ्या दिरानं बसवून दिलं होतं. ते बिघडल्यापासून घरी मी गुपचूप ती ब्राउझरमधली तयार खिडकीच वापरत होते.

परीक्षेनंतर आठवड्यानं ती सॉफ्टवेअर भरून दिलेला माझा पेन ड्राइव्ह परत द्यायला घरी आली. नापास झाली होती. "लिहायची सवयच नाई झाली, मॅडम," एवढंच म्हणाली. माझा लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. झाकायला हात पुढे केला, तोवर तिनं पाहिलं.

"माय वो, हेच होतं परीक्षेत! तुम्ही हे वापरता?"

मी लॅपटॉप मिटला. तोंडातून निघालं, "आजच उघडून पाह्यलं."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. चहाच्या निमित्तानं मी आत गेले आणि गॅस न पेटवताच ओट्याला टेकून उभी राहिले. बाहेर आले तर ती चप्पल घालत होती.

"बरं झालं मॅडम," ती अगदी मनापासून म्हणाली. "पुढच्या पोरींचं तरी सोपं होईन. माह्यासाठी तं तुम्ही लय मेहनत घेतली."