कप्तानाचा उजवा कान

कोशकाका जळत होते, आणि निदान बायकोसमोर तरी ते लपवायची त्यांना गरज वाटत नव्हती.

"मास्तरीण आहे हो ती," ते जेवताना म्हणाले. "कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. तिला काय कळणार आमचा कप्तान?"

"तिनं लिहिलेलं वाचलंत का?"

"वाचायला कशाला लागतंय?"

आता हे कोशकाका कोण, ते सांगायला हवं. एका प्रकाशकाकडे ते एकतीस वर्षं मुद्रितं तपासत होते. त्या प्रकाशकाची पाच भागांची एक अंतराळ कादंबरी होती. दूरच्या ग्रहाकडे निघालेलं जहाज, वाटेत सरलेल्या तीन पिढ्या आणि एक म्हातारा कप्तान. पाचव्या भागाच्या शेवटी जहाज ग्रहापाशी पोचलं आणि सहाव्याची ओळही लिहायच्या आत लेखक वारले. हे लेखक भारी विसरभोळे. एका भागात ग्रहाला चंद्र तीन, तर पुढच्यात दोनच. म्हणून काकांनी पहिल्या भागापासून कार्डं करायला घेतली. कुणाचं वय काय, व्रण कुठे, कोण कधी मेलं. अशी चारशे बारा कार्डं एका लाकडी पेटीत होती. लेखक फोन करून विचारायचे, "अहो, माझ्या कप्तानाचं वय काय हो?" आणि काका पेटी न उघडता सांगायचे. तेव्हापासून ऑफिसात त्यांना कोशकाका म्हणायला लागले. म्हणायचे थट्टेनं, पण काकांना ती पदवी वाटायची.

लेखक गेल्यावर पुढचा भाग कोण लिहिणार, हा काकांच्या लेखी प्रश्नच नव्हता. दोन वर्षं रोज सकाळी आंघोळीआधी बसून त्यांनी दोनशे चौदा पानं लिहून ठेवली होती. मालकांनी विचारायचा अवकाश, की टेबलावर ठेवायची. मालकांनी बोलावलंही. म्हणाले, "सहावा भाग एक नवीन बाई लिहिताहेत. लेखकांच्या घरच्यांनी होकार दिलाय. तुमची पेटी त्यांना महिनाभर द्याल ना?"

"देईन की," काका म्हणाले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. पानं पिशवीतच राहिली.

पेटी देण्याआधी त्यांनी त्यातलं एक कार्ड काढून घेतलं. कप्तानाची कार्डं अकरा, प्रत्येकावर क्रमांक. सातव्यावर लिहिलं होतं, 'उजव्या कानानं ऐकू येत नाही. स्फोटामुळे. भाग दोन.' अख्ख्या मालिकेत एकाच ओळीत आलेली गोष्ट. पुढे लेखकालाही तिची आठवण राहिली नव्हती. काकांनी ते कार्ड चष्म्याच्या घरात घातलं. आपटू दे तोंडावर, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्यांना बरं वाटलं.

वर्षभरानं पुस्तक छपाईला निघालं. मालकांनी हस्तलिखित वाचायला दिलं, ते काकांनी "मुद्रितातच बघू" म्हणून परत केलं. तिथली रीत अशी, की सोळा पानांचा एकेक फर्मा काकांकडे यायचा, त्यांची सही झाली की छापायला जायचा, आणि मग पुढचा.

पहिले फर्मे त्यांनी ओठ आवळून तपासले. लिखाण वाईट नव्हतं, आणि हेच त्यांना सोसत नव्हतं. तिसऱ्या फर्म्यात एक लहान मुलगी जहाजाच्या खिडकीतून पहिल्यांदा ग्रह बघते. तिथे काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ते स्वतःवरच चिडले आणि शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्टला उगाच बोलले.

नवव्या फर्म्यात सापडलं. जहाजाची म्हातारी इंजिनियर मरायला टेकलीय. ती कप्तानाच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन हळूच सांगते, ग्रहावर उतरायचं की नाही. कप्तान मान डोलावतो.

काकांनी पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली आणि सही केली. दिसलेली चूक एकतीस वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच सोडली होती.

"आज स्वारी खुशीत दिसतेय," संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालताना बायको म्हणाली. काकांनी सगळं सांगून टाकलं. "वाचक फाडून खातील तिला," ते म्हणाले. "मग कळेल मालकांना, कुणाला विचारायला हवं होतं."

बायकोचे हात थांबले. "अहो, आणि ते गेलेले गृहस्थ? पुस्तक त्यांचंही आहे ना?"

काकांनी पेपर तोंडासमोर धरला.

शेवटचा फर्मा चार दिवसांनी आला. त्यात म्हातारा कप्तान नव्या जमिनीवर बसून नातीला सांगतो, की त्या दिवशी इंजिनियर काय म्हणाली ते त्याला कळलंच नाही. त्या कानानं त्याला ऐकूच येत नव्हतं. तिला सुखानं मरता यावं म्हणून त्यानं मान डोलावली, आणि जहाज उतरवलं ते स्वतःच्या जिवावर.

काकांनी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तेवढ्यात बाई आल्या. साधी सुती साडी, बोटांना खडू.

"काका, पेटीबद्दल आभार मानायचे राहिले होते," त्या म्हणाल्या. "कप्तानाचं सातवं कार्ड मात्र नव्हतं. कुठेतरी पडलं असेल. मला चैनच पडेना. त्यावर काय असेल म्हणून पाचही भाग ओळ न् ओळ वाचले, तेव्हा हा कान सापडला. कार्ड असतं तर वाचून पुढे गेले असते. पुस्तक मला सुचलं ते तिथेच."

काकांनी चष्म्याचं घर उघडलं आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

"पडलं नव्हतं. मी काढून ठेवलं होतं. हे पुस्तक मला लिहायचं होतं. तुम्हाला मिळालं म्हणून जळफळाट झाला माझा."

बाईंनी कार्ड वाचलं.

"बरं झालं, काका," त्या म्हणाल्या, आणि अगदी मनापासून म्हणाल्या. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर काकांना परवडलं असतं. त्यांनी फर्म्यावर सही केली.

घरी येऊन त्यांनी स्वतःची दोनशे चौदा पानं काढली आणि पहिल्यापासून वाचत बसले. चंद्र तीनच होते. कप्तानाचा व्रण डाव्या भुवईवर, हवा तिथेच. एकही चूक नव्हती. दिवेलागण झाली तरी त्यांचं शोधणं चालूच होतं.

"काय शोधताय एवढं?" बायकोनं विचारलं.

"कान."

"सापडला?"

"नाही," काका म्हणाले. "मला तो पहिल्यापासून माहीत होता ना."