कोरं राहिलेलं पान

बालवाचनालयात पुस्तकं बांधणाऱ्या बाईंना सगळे खळमावशी म्हणत, कारण पुस्तकं चिकटवायची खळ तीस वर्षं त्यांच्या बोटांवरून हटली नव्हती. मावशी महाफटकळ. पान दुमडणाऱ्या पोराला अशा झापत की ते बिचारं चार दिवस वाचनालयाकडे फिरकत नसे.

पण एका पुस्तकावर त्यांचा भारी जीव. मुलांचीच कादंबरी, दीडशे पानांची. एका घरातला थोरला मुलगा तापाने जातो आणि नंतर त्या घरात त्याचं नाव कोणी काढत नाही. धाकटी बहीण आईवर चिडते, भांडते, आणि हळूहळू तिला कळतं की आई विसरली म्हणून गप्प नाही. मावशींचा पाठचा भाऊ लहानपणीच गेलेला. हे पुस्तक शिवायला आलं तेव्हा सुईदोरा बाजूला ठेवून त्यांनी ते एका बैठकीत वाचलं आणि ढसाढसा रडल्या. तेव्हापासून ज्या मुलाच्या घरातलं कोणी गेलं, त्याच्या हातात त्या ते कोंबत. "वाच. कळलं नाही तर मला विचार. आणि पान दुमडलंस तर याद राख."

नोंद मात्र होऊ देत नसत. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नेणाऱ्याने नाव लिहायची तिथली पद्धत. ती नावं वाचून बाकीची कार्टी कुजबुजणार, बोटं दाखवणार. नकोच ती भानगड. पुस्तक मावशींच्या ड्रॉवरमध्ये असे, तिथून वर्तमानपत्रात गुंडाळून मुलाच्या दप्तरात जाई आणि तसंच गुपचूप परत येई.

मग नवे ग्रंथपाल आले. दहा वर्षांत कोणीच न नेलेली पुस्तकं रद्दीत काढा, असा त्यांचा हुकूम. सोमवारी दुपारी मावशी कामावर आल्या तर ड्रॉवर रिकामा. पुस्तक व्हरांड्यात, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात. रद्दीवाला संध्याकाळी येणार होता.

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा त्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. "हे वाचलंय का तुम्ही? नाही ना? मग हात कसा लावलात?"

"रागावू नका, मावशी," साहेब शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाने तर मावशी आणखीच भडकल्या. "दहा वर्षांत एकाही मुलाने नेलेलं नाही."

"शंभर पोरांनी वाचलंय."

"एक नाव दाखवा."

आपल्याच हाताने आपण पुस्तकाचा गळा आवळला, हे कळून त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. "माझ्या नावावर लिहा," त्या कशाबशा म्हणाल्या.

"इथली पुस्तकं फक्त बालसभासदांना. आज कोणी नेणार असेल तर काढतो गठ्ठ्यातून."

वर्गातल्या मैत्रिणींबरोबर रांगेत एक दहा वर्षांची मुलगी उभी होती. दोन महिन्यांपूर्वी तिचे वडील गेले होते. तिने अर्धं पुस्तक वाचलं होतं. शिवण उसवली म्हणून मावशींनी ते शनिवारी परत मागून घेतलं होतं.

"माझ्या नावावर लिहा," ती म्हणाली.

"तू गप्प बस," मावशी खेकसल्या. "मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस."

"माझं अर्धं राहिलंय. माझे बाबा वारले, म्हणून मावशींनी मला दिलं होतं."

मैत्रिणी तिच्याकडे बघतच राहिल्या. मुलीचा चेहरा लालबुंद झाला, पण ती मैत्रिणींवर नाही, मावशींवर उखडली होती.

"तुम्ही ते कागदात गुंडाळून का दिलंत? लपवून ठेव म्हणालात. मला वाटलं, बाबा वारले हे कोणाला सांगायचंच नसतं. मी सगळ्यांना सांगते की ते परगावी गेलेत. रोज सांगते."

मावशी व्हरांड्यात गेल्या, सुतळी दातांनीच तोडली आणि पुस्तक आणून मुलीसमोर ठेवलं. शेवटचं पान कोरं करकरीत होतं.

"चुकलं माझं," मावशी म्हणाल्या. "लिही नाव."

मुलीने पेन इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला. मावशींनी न झापता खळीचं बोट त्या फाटीवरून फिरवलं.